'डिस्क फॉरमॅट करायची का?' याला 'हो' म्हणण्याआधी...

पुतणी पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. दिवाळीला घरी येताना तिने एक पेनड्राइव्ह आणला आणि काकांच्या हातात ठेवला. दोन वर्षांपूर्वी तिने आजीला बोलते करून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, त्या सगळ्या त्यात होत्या. आजी आता नाही. दुपारी दुकानात गर्दी कमी झाल्यावर काकांनी तो पेनड्राइव्ह बिलिंगच्या कॉम्प्युटरला लावला. पडद्यावर चौकट उमटली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असे ती विचारत होती. काकांनी माउस 'हो'कडे नेला, तेवढ्यात मागून आवाज आला, ''काका, थांबा! काही दाबू नका.''

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. तिथे 'थांबा' म्हणणारे कोणी असतेच असे नाही. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे लहानपणचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, दुकानाचे हिशेब असे बरेच काही आपण पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कवर ठेवतो. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की ती 'रिकामी' किंवा 'खराब' असल्याचे कळते आणि आपण घाईने चुकीचे बटण दाबतो. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते, आतला मजकूरही जागच्या जागी असतो. अडचण एवढीच असते, की तो ज्या पद्धतीने मांडून ठेवला आहे ती पद्धत समोरच्या कॉम्प्युटरला येत नाही.

मोडी लिपीतला जुना कागद आठवून पाहा. पणजोबांच्या पेटीतून निघालेला तो कागद आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून तो कोरा ठरत नाही आणि कोणी तो धुऊन पुन्हा वापरायला घेत नाही. आपण मोडी वाचणारा शोधतो. कॉम्प्युटर मात्र न वाचता आलेला कागद थेट धुवायला काढतो, आणि तेही आपली परवानगी घेऊन.

आधी वाटणी, मग नोंदवही

डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान कप्प्यांची लांबच लांब रांग. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये पूर्वापार ५१२ बाइट मावतात. नव्या हार्ड डिस्कमध्ये आतून ४,०९६ बाइटचे सेक्टरही असतात. डिस्कला फोटो काय, गाणे काय, हिशेब काय, काही कळत नाही. कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यात काय ठेवले आहे, एवढेच तिला माहीत असते.

त्यावर दोन नोंदी लागतात. पहिली वाटणीची. एकाच जमिनीचे जसे गट पाडतात, तसे एका डिस्कचे भाग पाडता येतात. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतो. यालाच पार्टिशन टेबल म्हणतात. दुसरी नोंद त्या प्रत्येक भागाच्या आतली. कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या कप्प्यांत विखुरली आहे, ती केवढी आहे, कधी बदलली, कोणते कप्पे मोकळे आहेत, हे सांगणारी ही नोंदवही. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. फॉरमॅट करणे म्हणजे मुख्यतः ही नोंदवही नव्याने, कोरी करकरीत मांडणे.

वाटणीच्या तक्त्याच्या दोन पद्धती आज दिसतात. जुनी 'एमबीआर' १९८३ मध्ये आयबीएमच्या कॉम्प्युटरबरोबर आली. तिच्यात मुख्य भाग चारच पाडता येतात आणि सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट एवढीच जागा आहे. ३२ बिटांत जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर हिशेब २.२ टीबीवर संपतो. तेव्हाच्या हार्ड डिस्क दहा-वीस एमबीच्या असत, त्यामुळे ही मर्यादा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आज चार टीबीची डिस्क एमबीआर पद्धतीने मांडली तर जवळपास निम्मी डिस्क वापराविना पडून राहते.

नवी पद्धत 'जीपीटी'. तिच्यात क्रमांकाला ६४ बिट आहेत, साधारणपणे १२८ भाग पाडता येतात आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. सुरुवातीचा तक्ता बिघडला तर ती कामी येते. जीपीटीच्या रचनाकारांनी आणखी एक शहाणपणा केला. जुन्या सॉफ्टवेअरला जीपीटी समजणार नाही आणि ते डिस्क रिकामी समजून त्यावर लिहायला घेईल, ही भीती त्यांनी आधीच ओळखली. म्हणून जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये एक जुन्या पद्धतीचा तक्ताही असतो. तो जुन्या सॉफ्टवेअरला सांगतो, की ही सगळी जागा व्यापलेली आहे, हात लावू नका. शेताच्या बांधावर 'ही जागा विकलेली आहे' अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार.

नोंदवह्या एवढ्या का?

सगळ्यांनी मिळून एकच नोंदवही का ठरवली नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी फ्लॉपीसाठी 'फॅट' ही मांडणी तयार केली. तिचे तत्त्व अगदी साधे होते. प्रत्येक कप्प्यापुढे 'या फाइलचा पुढचा तुकडा अमुक कप्प्यात' असे लिहायचे. एकाचा धागा पकडून दुसऱ्यापर्यंत जायचे. या साधेपणामुळेच ती सगळीकडे पसरली. १९९६ मध्ये तिची 'फॅट३२' ही आवृत्ती आली. आजही कारमधला स्टिरिओ, फोटो फ्रेम, जुना टीव्ही यांना तीच सर्वांत जवळची वाटते.

पण फॅटमध्ये उणिवा होत्या. फाइल कोणी उघडावी, कोणी उघडू नये, याची नोंद तिच्यात नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंदवही अर्धवट राहते. बँका आणि कार्यालयांना हे चालणारे नव्हते. म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर 'एनटीएफएस' आणली. तिच्यात नोंदवहीत बदल करण्याआधी तो बदल एका रोजनाम्यात लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर रोजनामा पाहून नोंदवही सावरता येते.

तिकडे अ‍ॅपलने स्वतःची वाट धरली. १९८५ मध्ये 'एचएफएस', १९९८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती 'एचएफएस प्लस', आणि २०१७ मध्ये आयफोनपासून मॅकपर्यंत सगळीकडे 'एपीएफएस'. लिनक्सच्या जगात १९९३ मध्ये 'ईएक्सटी२' आली, २००८ मध्ये 'ईएक्सटी४'. प्रत्येकाच्या गरजा वेगळ्या, यंत्रणा वेगळी. त्यामुळे मांडणीही वेगळी झाली.

आजचे चित्र साधारण असे आहे. विंडोजला स्वतःच्या एनटीएफएस, फॅट आणि एक्सफॅट वाचता येतात. मॅकच्या एपीएफएस डिस्क आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्क काही जास्तीची सोय केल्याशिवाय सरळ उघडत नाहीत. मॅकला एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. विंडोजवर भरलेली हार्ड डिस्क मॅकला लावली की फोटो दिसतात, पण एकही नवी फाइल टाकता येत नाही, ती याचमुळे. अशा वेळी डिस्क 'लॉक' झाली असा समज होतो. लिनक्स यात सर्वांत बहुभाषिक. २०२१ पासून तर एनटीएफएसवर लिहिण्याची चांगली सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली आहे. मात्र एपीएफएस त्यालाही जड जाते.

चार जीबीची भिंत

लग्नाच्या व्हिडिओच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह असतो, त्यात ५० जीबी मोकळे असतात, तरीही सहा जीबीची एक फाइल कॉपी होत नाही. जागा पुरेशी असताना कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. दुकानदाराने बनावट पेनड्राइव्ह दिला अशी शंका येते.

खरे कारण नोंदवहीतला रकाना. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार लिहायला ३२ बिट आहेत. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे एक फाइल चार जीबीपेक्षा किंचित कमीच असू शकते. पेनड्राइव्ह केवढाही असो, रकाना तेवढाच. पावतीबुकात रकमेसाठी चारच चौकोन छापलेले असले तर दहा हजारांची पावती फाडता येत नाही. गल्ल्यात पैसे मावतात की नाही, हा प्रश्नच वेगळा.

ही भिंत ओलांडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'एक्सफॅट' आणली. फॅटसारखीच साधी, पण आकाराचा रकाना ६४ बिटांचा. २००९ मध्ये ३२ जीबीपेक्षा मोठ्या मेमरी कार्डांचे 'एसडीएक्ससी' हे मानक ठरले, तेव्हा त्यांच्यासाठी हीच मांडणी निवडली गेली. कॅमेऱ्यातले ६४ किंवा १२८ जीबीचे कार्ड आज एक्सफॅटमध्येच येते.

एवढी सोयीची मांडणी असताना लिनक्सला ती उशिरा का मिळाली, यामागे तंत्रापेक्षा कायदा होता. तिच्यावर मायक्रोसॉफ्टचे पेटंट होते. फॅटमधल्या लांब नावांच्या पेटंटवरून २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या नकाशायंत्रे बनवणाऱ्या कंपनीवर दावाही लावला होता. तो पुढे तडजोडीने मिटला. खुल्या सॉफ्टवेअरच्या लोकांनी तेव्हापासून या प्रकरणाची धास्ती घेतली. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची रचना जाहीर केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ती लिनक्समध्ये दाखल झाली. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांनाही वाचता-लिहिता येणारी आणि चार जीबीची अट नसलेली मांडणी म्हणून एक्सफॅटकडे पाहता येते.

तिची एक कमजोरी मात्र लक्षात ठेवावी. एनटीएफएससारखा रोजनामा तिच्यात नाही. कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला तर नोंदवही अर्धवट राहू शकते. म्हणून काढण्याआधी 'इजेक्ट' करणे ही नुसती औपचारिकता नव्हे. पडद्यावर कॉपी पूर्ण झालेली दिसली, तरी शेवटचा काही मजकूर कॉम्प्युटरच्या मेमरीतच थांबलेला असू शकतो.

मराठी नावांचा घोळ

फाइलला मराठीत नाव देणाऱ्यांना आणखी एका गोष्टीला सामोरे जावे लागते. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ चिन्हांची मर्यादा आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची. इंग्रजीत दोन्ही सारखेच, कारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटरच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलंत वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे ती ११ चिन्हे होतात आणि लिनक्सवर ३३ बाइट. म्हणजे मराठी नावाला तिथे फक्त ८५ चिन्हांची जागा. विंडोजवर दिलेले 'सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे...' असे लांबलचक नाव लिनक्स डिस्कवर कॉपी होत नाही, ते याचमुळे.

दुसरी अडचण 'ऱ'ची. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांची' अशा शब्दांतला हा 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस मांडणी फाइलचे नाव साठवताना अशी चिन्हे फोडून ठेवते. तिथली फाइल लिनक्सवर नेली की 'दुसऱ्या दिवसाचे फोटो' या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू शकतात. डोळ्यांना सारखे, यंत्राला वेगळे. बॅकअपमध्ये एकाच गोष्टीच्या दोन प्रती होण्याचे हे एक कारण असते.

विरामचिन्हांचेही असेच. लिनक्सवर नावात विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजवर चालत नाही. 'सायंकाळ ५:३०' असे नाव दिलेली फाइल तिथे अडते. डिस्क अनेकांच्या हातून जाणार असेल तर नावे आटोपशीर ठेवावीत, तारीख लिहिताना आडवी रेघ वापरावी.

तपासणीच्या सीडीने काढलेला मार्ग

वेगवेगळ्या यंत्रांनी एकमेकांचे वाचावे, ही निकड वैद्यकीय क्षेत्राला फार लवकर जाणवली. एका केंद्रात एमआरआय काढला आणि दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना तो उघडलाच नाही, तर रुग्णाला पुन्हा तपासणीचा खर्च आणि वेळ. सीटी स्कॅन असेल तर वर पुन्हा किरणांचा मारा.

यावर 'डायकॉम' हे मानक तयार झाले. त्याची सुरुवात १९८५ मधली, आणि हे नाव १९९३ पासूनचे. प्रतिमा कशी साठवायची, एवढेच त्याने ठरवले नाही. ती सीडीवर कशी मांडायची, हेही ठरवून टाकले. सीडीसाठी १९८८ चे जुने आंतरराष्ट्रीय मानक घेतले आणि त्यातलाही सर्वांत साधा स्तर. फाइलचे नाव आठ चिन्हांपेक्षा मोठे नाही, सगळी अक्षरे कॅपिटल. तपासणी केंद्रातून मिळालेली सीडी उघडून पाहिली तर अनाकलनीय नावांच्या शेकडो फाइल दिसतात, त्याचे कारण हेच. सोबत एक अनुक्रमणिकेची फाइल असते. कोणत्या रुग्णाची कोणती प्रतिमा कुठे, हे ती सांगते.

म्हणून या सीडीतल्या फाइल पेनड्राइव्हवर घेताना त्यांची नावे 'सुधारू' नयेत आणि निवडक फाइलही उचलू नयेत. सीडीतले सगळे फोल्डर आहेत तसे, अनुक्रमणिकेसह कॉपी करावेत. नावे बदलली की अनुक्रमणिका आणि फाइल यांची फारकत होते आणि डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला प्रतिमा सापडत नाहीत.

सर्वांना वाचता यावे म्हणून मांडणी मुद्दाम साधी ठेवायची, हा यातला धडा घरच्या डिस्कलाही लागू पडतो.

फोनला हा त्रास का नाही?

अँड्रॉइड फोनच्या आत बहुधा लिनक्सच्याच पद्धतीची मांडणी असते. तरीही तो विंडोजला जोडल्यावर फोटो दिसतात. कारण तिथे कॉम्प्युटर फोनची डिस्क स्वतः वाचत नाही. तो फोनला विचारतो, 'तुझ्याकडे काय काय आहे?' आणि फोन स्वतःची नोंदवही स्वतः वाचून हवी ती फाइल हातात देतो. इंटरनेटवरून पाठवलेल्या फाइलचेही तसेच. दुकानात काउंटरवर माल मागितला, की आतल्या गोदामात तो कोणत्या फळीवर आहे याच्याशी गिऱ्हाइकाला देणे-घेणे नसते. पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र आपण गोदामाची किल्लीच दुसऱ्याच्या हातात देतो.

बटण दाबले गेलेच तर

चुकून 'हो' झालेच, तरी सगळे संपले असे नाही. 'क्विक' फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही कोरी होते. मूळ मजकूर बराचसा जागेवरच असतो, जोवर त्यावर नवे काही लिहिले जात नाही. त्यामुळे त्या क्षणी डिस्क काढून ठेवावी, 'पाहू तरी चालते का' म्हणून त्यावर एकही फाइल टाकू नये आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. पूर्ण फॉरमॅट मात्र वेगळे. विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात, मग हाती काही लागत नाही. एसएसडीचेही भय जास्त. मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकू शकते, त्यामुळे साधे फॉरमॅटही तिथे महागात पडते.

लक्षात ठेवण्याजोगे

- अनोळखी डिस्क लावल्यावर 'फॉरमॅट', 'इनिशिअलाइज' असे काही विचारले तर नकार द्या. आधी ती कोणत्या कॉम्प्युटरवर भरली होती, ते विचारा आणि तिथेच उघडून पाहा.
- वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर न्यायच्या पेनड्राइव्हसाठी एक्सफॅट सोयीची. कारचा स्टिरिओ किंवा जुना टीव्ही यांसाठी फॅट३२, पण फाइल चार जीबीच्या आतली हवी.
- कायम विंडोजलाच जोडून ठेवायच्या डिस्कसाठी एनटीएफएस, कायम मॅकसाठी एपीएफएस, कायम लिनक्ससाठी ईएक्सटी४ उत्तम.
- एक मांडणी बदलून दुसरी करायची तर आधी सगळा मजकूर दुसरीकडे कॉपी करा, उघडून तपासा, मगच फॉरमॅट करा.
- डिस्कवर छोटी चिठ्ठी चिकटवा. त्यावर आत काय आहे, कोणत्या मांडणीत आहे आणि कोणत्या वर्षीचे आहे, ते लिहा. दहा वर्षांनी हीच चिठ्ठी उपयोगी पडेल.
- ज्याची दुसरी प्रत नाही, ते एकाच डिस्कवर ठेवू नका.

त्या दिवशी पुतणीने पेनड्राइव्ह काढून आपल्या लॅपटॉपला लावला. तो लिनक्सवर चालतो, आणि पेनड्राइव्हही तिने त्याच पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. सगळ्या फाइल तिथे नीट उघडल्या. तिने त्या एक्सफॅटमध्ये मांडलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, एक प्रत आत्याच्या कॉम्प्युटरवर पाठवली आणि काकांच्या पेनड्राइव्हला चिठ्ठी लावली. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर आजीचा आवाज लागला. गिऱ्हाईक आले, तरी काकांनी तो बंद केला नाही.